इंग्रजी मुलांची चहाची भातुकली

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहा कुलूपबंद पेटीत ठेवायचे, कारण त्याच्यावर जबर कर होता. १७८४ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट यांनी तो ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला आणि चहा मध्यमवर्गीय घरांत रुळला. त्याच्याबरोबर चहाचे रीतिरिवाजही आले. किटली कुणी उचलायची, साखर कुणाला आधी विचारायची, हे मुलींना लहानपणीच शिकवायचं, तर हातात मावतील अशी भांडी हवीत. आपल्याकडे भातुकलीत मुली चूल मांडून स्वयंपाक करायच्या. इंग्रज मुलींच्या भातुकलीत स्वयंपाक नव्हताच, होतं फक्त यजमानपण.

छोटी भांडी त्याआधीही बनत. मिठाच्या झिलईचे (भट्टीत मीठ टाकून चकाकी आणलेले) पांढरे चिमुकले संच १७५० च्या आसपासचे सापडतात. पुढे इंग्लंडमधल्या काफली आणि लोस्टॉफ्टच्या चिनी मातीच्या कारखान्यांनीही ती काढली. पण स्वस्त आणि भरपूर माल आला तो स्टॅफर्डशर या भांड्यांच्या कारखान्यांच्या परगण्यातून, छापील चित्रांमुळे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र शाई लावून पातळ कागदावर उतरवायचं, तो कागद भाजलेल्या कपावर दाबायचा, पाण्याने सोडवायचा आणि मग झिलई देऊन पुन्हा भाजायचं. प्रत्येक कप हाताने रंगवायची गरज उरली नाही. निळ्या-पांढऱ्या ‘विलो’ नक्षीचे (चिनी धर्तीच्या झाडा-पुलाच्या चित्राचे) बाळसेट याच पद्धतीचे. संचात किटली, दुधाचं भांडं, साखरदाणी, कपबशा आणि पुष्कळदा उरलेला चहा-चोथा ओतायचा वाडगाही असे. खेळण्यातसुद्धा तो वगळला नाही, इतकं सगळं मोठ्यांसारखं!

या खेळण्यांची दुसरी बाजू मात्र बोचते. १८४१ मध्ये सॅम्युअल स्क्रिव्हन या सरकारी अधिकाऱ्याने स्टॅफर्डशरच्या कारखान्यांतल्या बालमजुरांची चौकशी केली. मुली छापील कागद कापत. साच्यांवर थापलेली ओली भांडी घेऊन मुलगे तापलेल्या वाळवणखोलीत दिवसभर धावत, त्यांतले कितीतरी जेमतेम आठ-नऊ वर्षांचे. एका घरच्या मुलीच्या खेळातला कप तिच्याच वयाच्या मुलाच्या हातून गेलेला असायचा. हे कारखाने फॅक्टरी कायद्याखाली आले ते थेट १८६४ मध्ये.

जुन्या सेटचं वय ठरवायला तळ पाहतात. नक्षीची इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी झाल्याचा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा शिक्का १८४२ ते १८८३ मधला. १८८४ पासून नुसता नोंदणी क्रमांक. ‘इंग्लंड’ हा शब्द बहुधा १८९१ नंतर येतो, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. अर्थात लहान भांड्यांच्या तळाशी बऱ्याचदा काहीच नसतं, आणि मग नक्षीवरूनच अंदाज बांधावा लागतो.

विसाव्या शतकात शिष्टाचार मागे पडला आणि मौज पुढे आली. शेली या भांड्यांच्या कंपनीने १९२६ पासून चित्रकार मेबल लूसी अॅटवेलच्या चित्रांचा माल काढला. त्यातली किटली म्हणजे चक्क अळंबीचं घर, आणि दुधाचं भांडं म्हणजे हिरव्या कपड्यांतला बुटका. माझ्या मते मुलांसाठी म्हणून खरोखर विचार केलेला सेट हाच. मग युद्ध आलं. १९४२ पासून देशातल्या गिऱ्हाइकांना नक्षीची भांडी विकायलाच बंदी झाली, सजवलेला माल फक्त निर्यातीला. बंदी १९५२ मध्ये उठली, पण तोवर खेळण्यांच्या दुकानांत प्लॅस्टिक शिरलं होतं.