टाकीतल्या झाडांना केल्विन कळत नाही

फिश टँकमध्ये झाडं लावायची ठरवली की पहिला प्रश्न दिव्याचा येतो. बेळगावात खडेबाजारातल्या दुकानात दुकानदार 'वॉर्म देऊ की कूल?' म्हणजे पिवळट की निळसर पांढरा, असं विचारतो, आणि खोक्यावर २७००, ४०००, ६५०० असे केल्विनचे, म्हणजे तापमानाच्या एककातले, आकडे असतात. नवखा माणूस इथेच अडकतो. माझं मत स्पष्ट आहे: हा आकडा मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी आहे, झाडांसाठी नाही.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला हे लवकर पटेल. साच्यात ओतायचं वितळलेलं लोखंड १४०० अंश सेल्सिअसला, म्हणजे सुमारे १७०० केल्विनला, नारिंगी-पिवळं दिसतं. जुन्या बल्बची तार २७०० केल्विनला पिवळट उजेड देते. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्विनच्या घरात आहे. तापमान चढेल तसा रंग निळ्याकडे सरकतो. एलईडी काही एवढी तापत नाही. तिचा उजेड तापलेल्या पदार्थाच्या कोणत्या रंगासारखा डोळ्याला दिसतो, एवढंच तो आकडा सांगतो.

गोम इथेच आहे. पांढऱ्या एलईडीच्या पोटात बहुधा निळा दिवाच असतो, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा (प्रकाशाचा रंग तरंगलांबीवर ठरतो). वरचा फॉस्फरचा थर त्यातला काही निळा उजेड शोषतो आणि पिवळा-तांबडा करून बाहेर सोडतो. फॉस्फरचं मिश्रण बदललं तर उजेडातला लाल भाग कमी-जास्त होतो, तरी खोक्यावरचा आकडा तोच राहू शकतो. ६५०० केल्विनच्या दोन ट्यूबांखाली एकच पान वेगळं दिसतं ते त्यामुळे.

झाडांचा हिशेब निराळा. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश सर्वांत जास्त शोषतं हे खरं, पण हिरवा प्रकाश वाया जातो ही समजूत चुकीची आहे. संशोधक मॅक्री यांनी १९७२ साली अनेक पिकांच्या पानांवर मोजमाप केलं, तेव्हा ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला जवळपास सगळाच प्रकाश पानं कमी-अधिक वापरतात असं दिसलं. म्हणून पांढऱ्या दिव्याचा रंग कुठलाही असो, झाडाचं पोट भरतं. सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी उगवणारी क्रिप्टोकोरायनी ही पाणवनस्पती सकाळचा तांबूस उजेड, दुपारचं ऊन आणि पावसाळी आभाळ यांत एकाच दिवशी वाढते. समुद्री प्रवाळांचं तसं नाही. दहा मीटर खोलीवर लाल प्रकाश जवळजवळ संपतो, म्हणून त्यांच्या टाक्यांना निळे, १४,००० केल्विनच्या पुढचे दिवे लावतात. दीड फूट गोड्या पाण्यात लाल प्रकाश थोडासाच घटतो.

मग पाहायचं काय? तीव्रता. लुमेनचा, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो त्याचा, आकडाही पुरेसा नाही, कारण तो माणसाच्या डोळ्याला सर्वांत ठळक दिसणाऱ्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला झुकतं माप देतो. झाडांसाठी 'पार' मोजतात: दर सेकंदाला चौरस मीटरवर किती प्रकाशकण पडतात, ते मायक्रोमोल या एककात. अनुबियास, जावा फर्न यांचं १५ ते ३० मायक्रोमोलवर भागतं. तळाशी गालिचा पसरवणाऱ्या झाडांना याहून बरंच जास्त लागतं, आणि मग कार्बन डायऑक्साइडही द्यावा लागतो. हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. उजेड भरपूर आणि वायू अपुरा असला की झाडं अडखळतात नि शेवाळ माजतं. पिवळ्या दिव्याने शेवाळ येतं असं सर्रास सांगतात, पण हिरव्या शेवाळातलं हरितद्रव्य झाडांसारखंच असतं. रंग बदलून ते हटणार नाही.

बाकी निवड आवडीची. हिरव्या झाडांना ६५०० केल्विन ताजंतवानं दाखवतो. रोटाला मॅक्रँड्रासारखी तांबडी झाडं स्वस्त कूल ट्यूबखाली मळकट, तपकिरी दिसतात. तिथे रंग-अचूकता, म्हणजे सीआरआय, ९०च्या वर असलेला दिवा घ्यावा किंवा सोबत ४००० केल्विनची एक पट्टी जोडावी.

सुरुवातीला रोज सहा ते आठ तासच दिवा ठेवा, आणि टायमर लावाच. वीज वारंवार जात असेल तर काट्याचा टायमर तेवढा मागे पडतो आणि दिवा भलत्या वेळी लागतो; आत बॅटरी असलेला डिजिटल घेतलेला बरा.