दोन पडद्यांची कादंबरी : बंद खोलीच्या खेळामागची पार्श्वभूमी

'नाईन अवर्स, नाईन पर्सन्स, नाईन डोअर्स' हा जपानी व्हिडिओ गेम आमच्या नागपूरच्या गटाने या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून लावला आणि पहिल्याच दुपारी, कुलरसमोर बसून, वाद झाला तो आवृत्तीवरून. निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या, दोन पडद्यांच्या खेळयंत्रावरची जुनी खेळायची, की कॉम्प्युटरवरची २०१७ ची? हा वाद कळायला थोडं मागे जावं लागतं.

जपानमध्ये खेळाडूकडून खुनाचा तपास करवून घेणारा 'पोर्टोपिया' १९८३ मध्ये आला. मागे चित्र, पुढे पडदाभर मजकूर आणि मध्येच फुटणाऱ्या वाटा ही मांडणी १९९२ च्या 'ओतोगिरिसो'ने रुजवली. तो काढणाऱ्या कंपनीने या प्रकाराला 'साऊंड नॉव्हेल' म्हटलं. १९९६ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने आपल्या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हटलं आणि जगभर तेच नाव टिकलं. मराठीत 'दृश्य-कादंबरी' म्हटलं की काहींना ओढूनताणून केलेलं वाटतं. मला ते फार जवळचं वाटतं. कादंबरी हा शब्द आपल्याकडे आला तोच सातव्या शतकातल्या एका संस्कृत गद्यकथेच्या नावावरून. त्या कथेत तीच माणसं पुन्हा जन्म घेतात आणि मागच्या जन्मातलं उमगल्याशिवाय या जन्मीची गाठ सुटत नाही. या खेळातही एका वाटेच्या शेवटी कळलेली गोष्ट दुसऱ्या वाटेवर कामी येते.

कोड्यांचा धागा वेगळीकडून आला. २००४ मध्ये 'क्रिमझन रूम' हा ब्राउझरमध्ये चालणारा छोटा फ्लॅश गेम जपानमधून जगभर गेला. नागपुरात बर्डीवरच्या सायबर कॅफेत आम्ही त्या बंद लाल खोलीतून सुटण्यासाठी उशीखाली, पडद्यामागे क्लिक करत बसायचो. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. २००७ मध्ये क्योटोत माणसांना खरोखरच्या खोलीत कोंडून असा खेळ सुरू झाला.

हे दोन धागे आमच्या या खेळात जुळले, १० डिसेंबर २००९ ला, जपानमध्ये. तो काढणाऱ्या कंपनीला व्हिज्युअल नॉव्हेल जास्त लोकांपर्यंत न्यायची होती. लेखकाने कोडी कथेतच गुंफली: ती सुटली नाहीत तर गोष्ट पुढे सरकतच नाही. नऊ माणसं, बुडणारं जहाज, नऊ तास. प्रत्येकाच्या मनगटावर एक आकडा. तीन ते पाच जणांच्या आकड्यांचा मूलांक दाराच्या आकड्याशी जुळला तरच दार उघडतं. २, ४ आणि ८ मिळून १४, म्हणजे ५. पाचाचं दार उघडलं. अंकज्योतिष घरोघरी ठाऊक असलेल्या आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही.

जपानमध्ये विक्री बेताची झाली. २०१० मध्ये अमेरिकेत निघालेल्या इंग्रजी आवृत्तीने मात्र अपेक्षेपेक्षा चांगली साथ दिली, म्हणून २०१२ मध्ये दुसरा भाग आला. तिसरा २०१४ मध्ये बेमुदत थांबवला गेला. चाहत्यांनी मोहीम उभारली आणि २०१६ मध्ये तो निघाला.

आता मूळ वाद. डीएसवर वरच्या पडद्यावर पात्रांचं बोलणं आणि खालच्या पडद्यावर निवेदन येतं. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातलं आहे, असं आपण न विचारता धरून चालतो. शेवटाला पोचलो की हा समज असा ढासळतो की हातातलं यंत्रच वेगळं वाटू लागतं. फोनवरच्या आवृत्तीतून तर कोडीच काढून टाकली होती. २०१७ च्या आवृत्तीत कोडी परत आली, आवाज आले, वाटांचा नकाशा आला आणि दोन पडद्यांच्या जागी दोन 'मोड' आले: एकात संवाद, दुसऱ्यात निवेदन, बटण दाबून बदलायचे. सोय झाली हे खरं. पूर्वी प्रत्येक शेवटानंतर मजकूर पळवत सुरुवातीपासून यावं लागे, त्यात संध्याकाळ जाई. पण दोन्ही पडदे एकाच वेळी डोळ्यांपुढे असणं हाच त्या गोष्टीचा कणा होता. निवेदनाचा मोड कधी लावलाच नाही, तर खालचा पडदा अर्धाअधिक वाचलाच जात नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी अजूनही डीएसच शोधायला सांगतो. आमच्याकडे एकच आहे, बिजागरी तडकलेला, आणि तो आळीपाळीने फिरतो.

गटातल्या धाकट्यांसाठी आम्ही खालचा पडदा मराठीत मोठ्याने वाचतो. 'तो दाराकडे वळला', 'त्याने खिसे चाचपले' इथवर अडत नाही. शेवटाजवळ निवेदनात 'मी' येतो तिथे अडतं. इंग्रजीत 'आय' काहीच सांगत नाही. मराठीत 'मी पाहत होतो' की 'मी पाहत होते', एवढ्या एका मात्रेत सगळं फुटतं. गेल्या रविवारी वाचणारी मुलगी त्या ओळीवर थांबली, वर पाहिलं, आणि 'माझ्या डोळ्यांना दिसत होतं' असं वाचून पुढे गेली.