शेंद्र्याची स्कोडा की श्कोदा?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना चिकलठाणा ओलांडले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. चेक प्रजासत्ताकातील एका मोटार कंपनीच्या गाड्यांची जुळणी येथे २००१ सालापासून सुरू झाली, आणि तेव्हापासून त्या कंपनीचे नाव कामगार, सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक व शहरातले गॅरेजवाले यांच्या तोंडी 'स्कोडा' असे पक्के बसले आहे. खेड्यातून पाळीला येणारा एखादा कामगार 'इस्कोडा' असेही म्हणतो. प्रागच्या ईशान्येस असलेल्या म्लादा बोलेस्लाव्ह या गावी, जेथे ही कंपनी १८९५ मध्ये सायकली बनवण्यापासून सुरू झाली, तेथे मात्र हे नाव 'श्कोदा' असे उच्चारले जाते. प्लझेन येथील एमिल श्कोदा या अभियंत्याने उभ्या केलेल्या उद्योगसमूहात ती १९२५ मध्ये विलीन झाली आणि त्याचे आडनाव तिला चिकटले.

या नावातील 'श' हा काही चेक लोकांचा लहरीपणा नाही, तो स्पष्टपणे लिहिलेला असतो. रोमन 'एस' या अक्षराच्या डोक्यावर चेक भाषेत एक छोटी कोनाकृती खूण देतात आणि ती दिली की 'स'चा 'श' होतो. अशा खुणांची पद्धत पंधराव्या शतकाच्या आरंभी यान हुस या धर्मसुधारकाने घालून दिली असे मानले जाते. मोटारीच्या बोधचिन्हावर ही खूण आजही असते, परंतु इंग्रजी टंकलेखन यंत्रावर ती नव्हती, तारेत आणि बिलात ती गळाली, आणि जेथे खूण पोहोचली नाही तेथे 'श'ही पोहोचला नाही.

मराठी माणसाला 'श्कोदा' म्हणणे अजिबात अवघड नाही. 'पुष्कळ' हा शब्द उच्चारून पाहावा आणि मग त्यातील 'पु' सोडून द्यावा. जो 'ष्क' उरतो त्याला 'ओदा' जोडले की काम झाले. बोलताना 'श' आणि 'ष' यांत आपल्यापैकी बहुतेक जण फरक करत नाहीत, त्यामुळे तेथेही अडचण नाही. अडचण शब्दाच्या आरंभी येते, कारण 'स' किंवा 'श' यांनी सुरू होणारे जोडाक्षर तोंडात घेण्याआधी जिभेला एखाद्या स्वराचा आधार हवा असतो. 'इस्टेशन', 'इस्कूल' आणि 'इस्कोडा' यांतील 'इ' त्यातून आलेला आहे. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की स्पॅनिश भाषेने हाच आधार आपल्या प्रमाण शब्दांत कायमचा बसवून घेतला आहे. तेथे शाळेला 'एस्कुएला' म्हणतात.

राहिला प्रश्न 'ड' आणि 'द' यांचा, आणि तो या संपूर्ण विषयाच्या मुळाशी आहे. रोमन ही एकच लिपी असली तरी तिच्या अक्षरांची उच्चारमूल्ये प्रत्येक भाषेने स्वतंत्रपणे ठरवलेली आहेत. आपल्याकडे ही लिपी इंग्रजीबरोबर आली, म्हणून चेक, जपानी, कोरियन, चिनी किंवा जर्मन असे कोणतेही नाव रोमन अक्षरांत दिसले की आपण ते आधी इंग्रजीच्या नियमाने वाचतो आणि नंतर मराठीत आणतो. इंग्रजी 'टी' आणि 'डी' उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागील हिरडीला लागते. मराठीत त्या जागेचे असे वेगळे अक्षर नाही; 'त' व 'द' दातांना टेकून होतात आणि 'ट' व 'ड' जीभ मागे वळवून होतात. मधला इंग्रजी ध्वनी आपल्या कानांनी 'ट' व 'ड' यांच्या खात्यात टाकला, आणि टेबल, डॉक्टर, मीटर असे सगळे शब्द त्याच खात्यात गेले. मात्र जपानी भाषेतील 'त' आपल्या 'त'सारखाच दातांजवळ उच्चारला जातो. ज्या कंपनीने बिडकीनला कारखाना काढण्यासाठी २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार केला, तिचे नाव जपानमध्ये 'तोयोता' असेच ऐकू येते. चेक 'द'ही आपल्या 'ड'पेक्षा 'द'ला जवळचा आहे.

गंमत अशी की ज्या इंग्रजीच्या वाटेने आपण ही नावे घेतो, त्या भाषकांना 'त' आणि 'ट' यांतील फरक बहुधा ऐकूच येत नाही. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदीतील नेमकी हीच जोडी इंग्रजी भाषक घरांतील तान्ह्या मुलांना ऐकवली होती. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना ध्वनी बदलल्याचे कळत होते. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना कळले. मूल बोलू लागण्याआधीच त्याचा कान घरातल्या भाषेला लागणारे भेद राखून ठेवतो आणि न लागणाऱ्या भेदांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. प्रौढ वयात परके नाव चुकते ते पुष्कळदा जिभेमुळे नव्हे, तर ते नीट ऐकूच न आल्यामुळे.

संभाजीनगरच्या पैठण गेट परिसरात मोबाइलच्या दुकानांतून फिरले तर चिनी नावांची जी तऱ्हा ऐकू येते ती या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. 'झिओमी', 'क्सिओमी', 'शाओमी' आणि या भानगडीत न पडणाऱ्यांचे सरळ 'एमआय' ही सगळी एकाच कंपनीची नावे. घोटाळ्याचे कारण आरंभीचे 'एक्स' हे अक्षर आहे. चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याची 'पिनयिन' ही पद्धत चीनने १९५८ मध्ये स्वीकारली. झोउ योउगुआंग या भाषातज्ज्ञाचा तिच्या रचनेत मोठा वाटा होता. ती मुळात चिनी लोकांना साक्षर करण्यासाठी होती, इंग्रजी वाचकांच्या सोयीसाठी नव्हती. त्यामुळे तीत 'एक्स' म्हणजे 'क्स' नव्हे, तर 'श'सारखा एक ध्वनी होय. जिभेचे टोक खालच्या दातांच्या मागे टेकवून ठेवावे, जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलावा आणि 'श्याम' म्हणायला सुरुवात करावी, परंतु 'म'वर न जाता 'ओ'कडे वळावे. 'श्याओ-मी' असा जो उच्चार होईल तो मूळ नावाच्या बराच जवळ असेल. आपल्याकडे रूढ झालेल्या 'शाओमी'त 'य' तेवढा हरवला आहे.

खरे तर चिनी ध्वनींच्या बाबतीत मराठी भाषक इंग्रजी भाषकापेक्षा अधिक सुस्थितीत आहे. इंग्रजीत 'पी' आणि 'बी' अशा दोनच घरांत काम भागते, आपल्याकडे मात्र प, फ, ब, भ अशी चार घरे आहेत. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या अमेरिकी ध्वनिवैज्ञानिकांनी १९६४ मध्ये अकरा भाषांची जी प्रसिद्ध तुलना केली, तीत मराठीचाही समावेश होता. ओठ किंवा जीभ सुटणे आणि स्वरतंतू कंप पावू लागणे यांमध्ये किती वेळ जातो हे त्यांनी मोजले. 'ब' म्हणताना कंप आधीच सुरू झालेला असतो, 'प'मध्ये तो ओठ उघडताच सुरू होतो, आणि श्वासासह येणाऱ्या महाप्राण ध्वनीत काही दशक मिलिसेकंद उशिराने सुरू होतो. एवढ्या सूक्ष्म अंतरावर आपण रोज 'पळ' आणि 'फळ' वेगळे काढतो. चिनी भाषेत 'प' आणि महाप्राण 'प' असे दोन्ही आहेत, पण आपला 'ब' नाही. आणि पिनयिनमध्ये यांतील पहिल्यासाठी 'बी' व दुसऱ्यासाठी 'पी' हे अक्षर घेतले आहे. हाच हिशेब 'डी' आणि 'टी' यांचा. म्हणून चीनमधील प्रसिद्ध शोधयंत्र, जे आपण 'बायडू' असे वाचतो, ते प्रत्यक्षात 'पाय-तू'च्या जवळ जाते, आणि 'ताओबाओ' हा खरेदीचा बाजार 'थाओपाओ' असा ऐकू येतो. देवनागरीत हे जितके नेमके लिहिता येते तितके रोमन लिपीत येत नाही, तरीही आपण रोमनचेच बोट धरतो.

'हुवावे' किंवा 'हुआवेई' या नावात आणखी एक गोष्ट दडली आहे. हे दोनच अक्षरांचे नाव आहे, 'ह्वा-वेइ', आणि त्यातील 'ह' घशातून सहज निघणारा आपला 'ह' नसून जिभेची मागची बाजू मऊ टाळूजवळ नेऊन घासत काढलेला ध्वनी आहे. मराठीत तो नाही. परंतु मराठवाड्यात तो परका मुळीच नाही. येथील दखनी बोलणारा माणूस 'खबर', 'खर्च', 'बुखार' म्हणताना हाच घर्षक 'ख' वापरतो, आणि 'कलम'मधल्या उर्दू 'क'च्या जागीही दखनीत तोच येतो. तेव्हा दुकानातल्या दखनी भाषक विक्रेत्याने मनावर घेतले तर शेन्झेनच्या या कंपनीचे नाव तो गिऱ्हाइकापेक्षाच काय, न्यूयॉर्कच्या निवेदकापेक्षाही चांगले घेईल. अमेरिकेत 'ह' गाळून 'वा-वे' म्हणतात, आणि कंपनीनेच तेथील जाहिरातींत तो सोपा उच्चार पुढे केला.

चिनी भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो, त्या सुरांचे काय, असे कोणी विचारील. 'ह्वा' आणि 'वेइ' हे दोन्ही चढत्या सुरात म्हणतात. 'श्याओ' आणि 'मी' हे मुळात दोन्ही खालच्या, तिसऱ्या सुरातले आहेत, पण असे दोन सूर लागोपाठ आले की पहिला बदलून चढता होतो. हे ठाऊक असावे. मराठी वाक्यात ते सूर आणण्याचा हट्ट मात्र धरू नये. वाक्याचा सूर मराठीच राहणार, आणि 'मी शाओमीचा फोन घेतला' या वाक्यात मध्येच सूर चढवला तर ऐकणाऱ्याला प्रश्न विचारल्यासारखे वाटेल.

कोरियन नावांत भांडण मुख्यतः स्वरांचे असते. शेंद्र्यातच धागे बनवणाऱ्या एका कोरियन कंपनीचे नाव 'ह्योसंग' असे वाचले जाते आणि मोबाइलमुळे 'सॅमसंग' घरोघरी पोहोचले आहे. या दोहोंच्या शेवटी असलेला स्वर 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला आहे, ओठ गोल न करता म्हटलेल्या 'ऑ'सारखा. त्यामुळे 'साम्सॉंग' हा उच्चार मूळच्या अधिक जवळ. 'ह्युंदाई'चे मूळ 'ह्यॉन्दे'. कोरियाने २००० साली रोमन लेखनाची नवी पद्धत आणली, परंतु कंपन्यांनी आपली जुनी स्पेलिंगे बदलली नाहीत आणि घोटाळा तसाच राहिला.

जर्मन नावांत मराठीला एक हुकमी सोय आहे, जी हिंदीला नाही. जर्मन 'झेड' म्हणजे 'त्स', आणि हा ध्वनी आपण 'चाक', 'चुलता', 'चोर' या शब्दांत रोज काढतो. कॅमेऱ्याची आणि सूक्ष्मदर्शकाची भिंगे बनवणारी जी कंपनी आपण 'झाइस' म्हणतो, तिचे नाव 'चाक'मधल्या 'च'ने सुरू केले की झाले. जर्मनमध्ये स्वराआधी येणारा 'एस' आपल्या 'जवळ', 'जास्त' यांतील 'ज'सारखा मऊ होतो. वाळूजमध्ये द्रवप्रवाह मोजणारी उपकरणे करणारी स्विस कंपनी म्हणूनच 'हाउझर' आहे, इंग्रजी वळणाची 'हॉसर' नव्हे. मात्र 'सीमेन्स' या नावात आपली गाडी अडते. मराठीत 'इ', 'ई' यांच्याआधी 'च' आणि 'ज' तालव्यच होतात. 'जग' म्हणताना जीभ दातांकडे असते ती 'जीव' म्हणताना टाळूकडे जाते. त्यामुळे जर्मन 'झीमेन्स' म्हणायला जावे तर 'झीज'मधला 'झ' येऊन बसतो. येथे रूढ 'सीमेन्स' तसेच राहू द्यावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

शुद्ध उच्चार कोणाचा धरायचा, मूळ भाषेचा की कंपनीचा, याचे एकच उत्तर नाही. तैवानच्या संगणक कंपनीने पेगॅसस या ग्रीक पुराणातील घोड्याच्या रोमन स्पेलिंगमधील शेवटची चार अक्षरे उचलून नाव तयार केले. तेथे मूळ भाषा शोधण्यात अर्थ नाही, कंपनी 'एसूस' म्हणते तेच प्रमाण. आपल्या डीटीपी केंद्रांतील 'अडोब' हे 'अडोबी' आहे, कारण कॅलिफोर्नियातील ज्या ओढ्यावरून ते घेतले त्याचे नाव स्पॅनिश आहे आणि स्पॅनिशमध्ये शेवटचा स्वर गिळत नाहीत. लिनस टॉरवाल्ड्स यांनी तर आपण रचलेल्या संगणक प्रणालीचे नाव स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवले, ते 'लिनुक्स'च्या जवळचे आहे. तरी जग 'लिनक्स' म्हणत राहिले.

परक्या जिभेवर नाव बदलते म्हणजे ते बिघडतेच असे नाही, याचे उदाहरण फ्रिजच्या दुकानात आहे. 'लीबहेर' हे एका जर्मन कुटुंबाचे आडनाव. या कंपनीचे फ्रिज आता शेंद्र्यात तयार होतात. जर्मन नियमाप्रमाणे त्यातील 'ब' हा 'लीब' या तुकड्याच्या शेवटी असल्याने कठोर होऊन 'लीप-हेर' होतो आणि अखेरचा 'र' जवळजवळ विरतो. १९८४ मध्ये चीनमधील चिंगदाओ शहरातील एका डबघाईला आलेल्या कारखान्याने या कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार केला, तेव्हा चिनी लोकांनी ते आडनाव आपल्या चार अक्षरांत बसवले: 'ली-पो-हाय-अर'. पुढे कारखान्याने त्यातील शेवटची दोन अक्षरे स्वतःचे नाव म्हणून ठेवून घेतली. जालना रोडच्या एखाद्या शोरूममध्ये 'हायर' आणि 'लीबहेर' शेजारी-शेजारी मांडलेले असतील, तर पहिल्याला 'हाय-अर' म्हणणारा विक्रेता अगदी बरोबर बोलतो आहे, आणि दुसऱ्याच्या शेवटीही जवळजवळ तेच नाव आहे.