टॅगची यादी आणि पायावरचा पंप

कोयलीची रिफायनरी, फर्टिलायझरनगरचे खतकारखाने, नंदेसरीतली रसायने, मकरपुऱ्याची वर्कशॉप्स. बडोद्यातल्या मराठी घरांत यांपैकी कुठेतरी शिफ्ट केलेले माणूस सापडतेच. अशा मोठ्या प्लांटमध्ये हल्ली एक काम हमखास निघते. कॉम्प्युटरमध्ये साठलेली हजारो मापने एकेका पंपाच्या, एक्स्चेंजरच्या, रिअ‍ॅक्टरच्या नावाखाली लावायची. नव्या माणसाला हे सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेले खूळ वाटते. खरे तर ही मांडणी कागदाच्या काळात होतीच. कॉम्प्युटर आल्यावर ती मोडली, आणि आता ती पुन्हा जोडणे चालू आहे.

कोयलीचे पहिले युनिट सोव्हिएत मदतीने १९६५ साली सुरू झाले. त्या पिढीच्या कारखान्यांत माहिती प्रामुख्याने दोन प्रकारच्या कागदांवर राहायची. ऑपरेटरची लॉगशीट, म्हणजे दर तासाला रकान्यांत भरलेले आकडे. आणि मेंटेनन्सचे हिस्टरी कार्ड, प्रत्येक यंत्राचे वेगळे. कार्डावर बनवणाऱ्याचे नाव, सीरियल नंबर, बेअरिंग कधी बदलले, सील कधी गळले, पायाशी अलाइनमेंट कधी केली, सगळे एकाखाली एक. फिल्डमधली लॉगशीटही ऑपरेटरच्या फेरीप्रमाणे आखलेली असे: तो ज्या क्रमाने यंत्रांजवळून चालत जाई, त्याच क्रमाने रकाने. दोन्ही कागद यंत्रापाशीच येऊन मिळत.

इन्स्ट्रुमेंटची दुनिया मात्र वेगळ्या अंगाने वाढली. हवेवर चालणाऱ्या उपकरणांत ३ ते १५ पीएसआय दाबाचा सिग्नल असे, पुढे विजेचा ४ ते २० मिलिअँपिअर आला. प्रत्येक सिग्नलला स्वतःची नळी किंवा तारांची जोडी आणि पॅनलवर स्वतःची जागा. त्यांना नावे देण्याची पद्धत अमेरिकेतल्या इन्स्ट्रुमेंट सोसायटीने (आयएसए) १९४९ मध्ये सुचवली. तीच आजची आयएसए-५.१. पहिले अक्षर काय मोजले जाते त्याचे, पुढची अक्षरे त्या मापाचे काय होते त्याची. टीआयसी-२०३ म्हटले की तापमान दाखवणारा आणि नियंत्रित करणारा लूप, म्हणजे मापन आणि नियंत्रणाची एक साखळी, क्रमांक २०३. पण हा लूप कुठल्या कॉलमचा, ते बहुतेकदा नावात नसते. ते पाइप आणि इन्स्ट्रुमेंट दाखवणाऱ्या पी अँड आय डी ड्रॉइंगवर असते, फुगा (इन्स्ट्रुमेंटचे गोल चिन्ह) आणि भांडे जोडणाऱ्या एका रेघेत. ड्रॉइंग टेबलावर उघडे असेपर्यंत त्यामुळे कुणाचे अडत नव्हते.

१९७५ मध्ये हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम या नियंत्रण प्रणाली आल्या. पॅनलवरची जागा पडद्यावर गेली आणि प्रत्येक सिग्नल एक ‘टॅग’, म्हणजे कॉम्प्युटरमधले एक नाव, झाला. १९८० मध्ये पॅट्रिक केनेडी यांनी कॅलिफोर्नियात ऑइल सिस्टिम्स ही कंपनी काढली. तीच पुढे ओएसआयसॉफ्ट झाली, आणि तिची पीआय ही हिस्टॉरियन, म्हणजे मापनांचा इतिहास साठवणारी, प्रणाली जगभरच्या रिफायनऱ्यांत पोचली. तिचा गाभा अगदी साधा होता: टॅगचे नाव, वेळ, आकडा. मेमरी तेव्हा महाग होती, त्यामुळे कमी जागेत जास्त इतिहास कसा मावेल यावर त्या काळची बुद्धी खर्च झाली. फॉक्सबरो कंपनीतल्या एडगर ब्रिस्टल यांची ‘झुलत्या दारा’ची पद्धत याच काळातली. जवळजवळ सरळ रेषेत पडणारे मधले आकडे टाकून द्यायचे आणि वळणे तेवढी ठेवायची. आजच्या हिस्टॉरियनमध्येही ती दिसते, आणि मला ती मनापासून आवडते.

या धांदलीत ड्रॉइंगवरची ती रेघ मात्र कॉम्प्युटरमध्ये आलीच नाही. टॅगसोबत वर्णनाची एक आखूड ओळ असे, त्यात ज्याला जे सुचले ते त्याने लिहिले. दवाखान्यात गावातल्या सगळ्यांच्या तापाची एक वही, रक्तदाबाची दुसरी, साखरेची तिसरी ठेवावी आणि कुठल्याही रोग्याचा केसपेपरच नसावा, तशी ही अवस्था. कुठला आकडा कुठल्या यंत्राचा, हे ज्ञान शिफ्ट इन्चार्जच्या डोक्यात जाऊन बसले, आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर गेले.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या टेक्साको रिफायनरीत दिसले. एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता आणि प्रणाली तो उघडा दाखवत होती. भांड्यात माल येत राहिला, पण बाहेर जाईना. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. माणसे वाचली, तरी २६ जण जखमी झाले. चौकशीत निघालेला एक मुद्दा इथे महत्त्वाचा आहे: एखाद्या भांड्यात येते किती आणि जाते किती, हे एकत्र दाखवणारा पडदाच नव्हता. आकड्यांची कमतरता नव्हती. ते ज्या भांड्याचे होते, त्याच्याभोवती गोळा केलेले नव्हते. यंत्राभोवती माहिती लावण्याच्या बाजूने याहून वजनदार दाखला मला माहीत नाही.

सुधारणेची पहिली नीट मांडणी बॅच पद्धतीच्या, म्हणजे एका वेळी एक घाणा काढणाऱ्या, कारखान्यांतून आली. बडोद्याला हे सहज पटावे, कारण १९०७ च्या अलेंबिकपासून इथे औषधनिर्मितीची परंपरा आहे. औषधांच्या कारखान्यात एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये आज एक माल निघतो, पुढच्या आठवड्यात दुसरा. तेव्हा प्रोग्राममध्ये पाककृती आणि भांडे एकमेकांत गुंतवून ठेवले, तर प्रत्येक नव्या मालासाठी सगळे पुन्हा लिहावे लागते. १९९५ च्या आयएसए-८८ मानकाने दोन्ही वेगळे केले. एकीकडे रेसिपी, दुसरीकडे यंत्रांची उतरंड: कंपनी, साइट, एरिया, प्रोसेस सेल, युनिट, त्याखाली इक्विपमेंट मॉड्यूल आणि कंट्रोल मॉड्यूल. टॅगला पहिल्यांदाच हक्काचे घर मिळाले. २००० पासून आयएसए-९५ ने हीच उतरंड कारखान्याच्या व्यवस्थापनापर्यंत नेली.

आता सगळ्यात नाजूक भाग. पंपाला दिलेले पी-१०१ए हे नाव म्हणजे नक्की काय? तो पायावर बसलेला लोखंडी पंप, की पंपाची ती जागा? प्लांट चालवणाऱ्याला जागा हवी असते: जोडीतला ए चालू, बी स्टँडबाय (राखीव). मेंटेनन्सवाल्याला तो ठरावीक पंप हवा असतो, कारण तो उतरवून मकरपुऱ्याच्या वर्कशॉपला जातो आणि दुरुस्त होऊन कधी वेगळ्याच पायावर चढतो. सारखी कंपने देणारा पंप दुसरीकडे नेल्यावर जुनी कंपने जागेच्या खात्यात राहिली, तर दोष पायाचा होता की पंपाचा, हे कधीच कळत नाही. म्हणूनच मेंटेनन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फंक्शनल लोकेशन’ आणि ‘इक्विपमेंट’ अशा दोन नोंदी असतात, आणि दुसरी पहिलीवर चढवता-उतरवता येते. जर्मन वीजकेंद्रांसाठी १९७० च्या दशकात केकेएस ही क्रमांकपद्धत आली. त्या परंपरेतून पुढे आलेले आयईसी ८१३४६ मानक कार्य, वस्तू आणि ठिकाण या तीन अंगांनी वेगळी नावे देते. घाईत उभ्या केलेल्या प्रकल्पांत हा फरक गाळला जातो, आणि दोन-तीन शटडाऊननंतर यंत्राच्या नावावरचा इतिहास विश्वासाचा राहत नाही.

यंत्र म्हणजे नक्की काय, याच प्रश्नाला उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींनी वेगळ्या गरजेतून काढले. नॉर्वेत १९८१ मध्ये ओरेडा प्रकल्प सुरू झाला, यंत्रे किती वेळा आणि कशाने बिघडतात ते एकत्र नोंदवण्यासाठी. त्याच्या अनुभवावर आयएसओ १४२२४ मानक उभे राहिले. त्यात प्रत्येक यंत्राची हद्द आखलेली आहे. पंपाच्या हद्दीत त्याला फिरवणारी मोटर येत नाही. ही बारकाई काहींना अनाठायी वाटते. पण एका कारखान्याने मोटरचे बिघाड पंपात धरले आणि दुसऱ्याने नाही, तर दोघांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

पुढची सॉफ्टवेअरची वाटचाल थोडक्यात सांगता येते. पीआयमध्ये ‘अ‍ॅसेट फ्रेमवर्क’ आले: एका प्रकारच्या पंपाचा एक साचा बनवायचा, तो सगळ्या पंपांना लावायचा आणि त्यात आपापले टॅग जोडायचे. यंत्रांमधल्या डेटाच्या देवाणघेवाणीसाठीच्या २००८ च्या ओपीसी यूए मानकाने आकड्याबरोबर तो कोणत्या वस्तूचा, हेही पाठवण्याची सोय केली. कारखाने डिजिटल करण्याच्या जर्मनीच्या इंडस्ट्री ४.० मोहिमेतून प्रत्येक यंत्राला स्वतःची डिजिटल फाइल देणारे ‘अ‍ॅसेट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शेल’ पुढे आले.

एवढे होऊनही खरे कष्ट प्लांटमध्येच पडतात. कुणीतरी जुनी पी अँड आय डी घेऊन युनिटमध्ये फिरते, रंगाच्या थरांखाली बुजलेली नेमप्लेट खरवडून वाचते आणि ड्रॉइंगमध्ये न चढलेली बायपास लाइन नोंदवते. शिवाय उतरंडीत न बसणाऱ्या गोष्टी उरतातच. दोन भांड्यांमधल्या पाइपवरचा फ्लोमीटर कुणाच्या नावावर टाकायचा, सोडणाऱ्या की घेणाऱ्या? अनेक युनिटांना पुरणारी वाफेची हेडर लाइन (मुख्य पाइप) उतरंडीच्या कोणत्या फांदीखाली? यासाठी आता उतरंडीसोबत जोडण्यांचे जाळेही साठवले जाते: भांड्याच्या कोणत्या नोझलमधून (तोंडातून) निघालेला पाइप कुठे पोचतो. अशा ड्रॉइंगसाठी समान डेटास्वरूप ठरवणाऱ्या डेक्सपीसारख्या प्रयत्नांत पी अँड आय डी चित्र म्हणून न ठेवता डेटा म्हणून ठेवतात, म्हणजे १९७५ नंतर मागे राहिलेली ती रेघही कॉम्प्युटरला वाचता येते.