उत्तराची वाट पाहा: स्वमग्न प्रौढांसोबत काम करताना

अठराव्या वर्षाच्या आसपास विशेष शाळा संपते. मग स्वमग्न (ऑटिस्टिक) माणूस घरी बसतो, नाहीतर एखाद्या कार्यशाळेत जाऊ लागतो. जळगाव-धुळ्याकडे तिथली कामं साधारण ठरलेली: केळीचे वेफर पाकिटांत भरायचे, कागदी पिशव्या चिकटवायच्या, दिवाळीआधी पणत्या रंगवायच्या. शिकवणारी माणसं बहुधा मायाळूच असतात, आणि अडचण बरेचदा त्या मायेतच असते. तीस वर्षांच्या माणसाला ‘बाळा’ म्हणायचं आणि तो समोर उभा असताना त्याच्या आईला विचारायचं, “जेवला का हा?” त्याच वयाच्या रिक्षावाल्याला आपण भाऊ म्हणतो. यालाही भाऊच म्हणावं, आणि प्रश्न थेट त्यालाच विचारावा.

विचारल्यावर थांबावं लागतं. ऐकलेल्याचा अर्थ लावून उत्तर जुळवायला अनेक स्वमग्न माणसांना जास्त वेळ लागतो. आपण मात्र दोन सेकंदांत तेच वेगळ्या शब्दांत विचारतो: “चहा घेणार? चहा हवा का? पिणार ना थोडा?” त्याच्यासाठी हे तीन वेगळे प्रश्न असतात आणि दर वेळी त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकदा विचारा, मनात दहापर्यंत मोजा. नंतरही विचारायचंच असेल तर अगदी त्याच शब्दांत. घरी अहिराणी बोलत असतील तर अहिराणीतच. तो नजरेला नजर देत नसेल तर राहू द्या. कित्येकांना न बघता जास्त नीट ऐकू येतं.

“चहा की ताक?” असं विचारल्यावर “ताक” आलं, की काम झालं असं समजू नका. ऐकलेला शेवटचा शब्द परत उच्चारण्याची सवय अनेकांना असते. क्रम बदलून विचारा: “ताक की चहा?” आता “चहा” आलं, तर ते उत्तर नव्हे, प्रतिध्वनी आहे. अशा वेळी दोन्ही पेले समोर ठेवा आणि हात कुठे जातो ते पाहा.

वेफरच्या टेबलावर हमखास होणारा एक गोंधळ बघण्यासारखा आहे. पाकीट 100 ग्रॅमचं. काट्यावर 101 दिसतं, तो एक तुकडा काढतो. 99 होतं, तो दुसरा टाकतो. पाच मिनिटं एकाच पाकिटावर जातात आणि कुणीतरी ओरडतं, “अरे, चालतं थोडं इकडे-तिकडे!” थोडं म्हणजे किती, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. काट्यावर चिठ्ठी चिकटवा: ‘100 ते 103 चालेल. 100 च्या खाली नाही.’ हट्ट म्हणून ज्याची नोंद होत होती, ती त्याची अचूकता होती. कमी भरलेलं पाकीट तो कधीच पुढे जाऊ देणार नाही.

समजून घेण्यातली तूट एकाच बाजूची नसते. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने 2012 मध्ये हे मांडलं. 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट कानगोष्टींसारखी पुढे सांगायला लावली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती तितकीच टिकली, जितकी सगळे बिगर-स्वमग्न असलेल्या साखळीत. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत.

आता उन्हाळा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, कुलर दिवसभर घरघरतो, आणि जुन्या चोकची ट्यूबलाइट आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. आपल्याला ते जाणवत नाही, काहींना जाणवतं. जुना चोक बदलून इलेक्ट्रॉनिक बसवा, बसायची जागा कुलरपासून लांब द्या. उलट, शरीराच्या आतल्या खुणा काहींना उशिरा कळतात, म्हणून “तहान लागली की सांग” यावर विसंबू नका; दर पाऊण तासाने पाण्याची बाटली समोर ठेवा. काही मानसोपचाराच्या औषधांनी घाम कमी येतो आणि ऊन जास्त बाधतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून ठेवा.

तरीही एखादा दिवस बिघडतो. तो कान दाबून ओरडतो, टेबल ढकलतो. अशा वेळी बोलणं बंद, गर्दी बाजूला, दिवा मालवा, हात धरू नका. वहीत ‘आक्रमक झाला’ लिहून कुणालाच काही कळत नाही. वेळ, जागा, आवाज, आधी कुणी काय सांगितलं, शेवटचं पाणी कधी प्यायला, हे लिहा. महिनाभराच्या नोंदी शेजारी ठेवल्या की तळणीचा पंखा सुरू होण्याची वेळ आणि टेबल ढकलण्याची वेळ एकच निघू शकते.

कायदाही थेट त्यालाच विचारण्याच्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, पालक आणि ती व्यक्ती यांनी मिळून. म्हणजे पालकसभेत ती व्यक्ती खोलीत हवी. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला फळवाटप होतं, केळं हातात देऊन फोटो काढतात आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. त्या फोटोची परवानगी फक्त वडिलांकडून घेऊन भागत नाही.

नकाराची सोय सगळ्यात आधी करावी. ‘नको’ असं लिहिलेलं, चित्र असलेलं कार्ड गळ्यात किंवा टेबलावर ठेवा. औषध आणि रस्ता ओलांडणं याला ते लागू नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. सुरुवातीला तो कामालाही कार्ड दाखवेल, जेवणालाही, तुम्हालाही. प्रत्येक वेळी मान्य करा, लगेच. “आता पुरे हं” म्हणून एकदा जरी हात झटकलात, तर तो कार्ड सोडून पुन्हा टेबल ढकलायला लागेल, कारण ते नक्की चालतं हे त्याला ठाऊक आहे. कार्डावर विश्वास बसला, की मग “आणखी दोन पाकिटं, मग सुट्टी” असं हळूहळू वाढवता येतं, आणि सांगितलेली दोन झाली की तिसरं पुढे सरकवायचं नाही.