पाणबुडीची प्रकाशमान छेद-प्रतिकृती

खऱ्या पाणबुडीचे प्रमाणशीर, मोठ्या आकाराचे मॉडेल. यात कवचाची एक बाजू कापलेली किंवा पारदर्शक ठेवलेली असते, आतले कक्ष, यंत्रे, बंक (झोपायच्या अरुंद फळ्या) आणि माणसे दिसतात, आणि हे सगळे बारीक एलईडींनी उजळलेले असते. जहाजाच्या मॉडेलमध्ये दिवे बसवणे त्या मानाने सोपे. तिथे ओळीने गोल खिडक्या असतात, त्यांच्यामागे उजेड ठेवला की काम झाले. पाणबुडीला खिडक्याच नसतात. तिच्या आतला उजेड बाहेरच्याला दिसत नाही, आणि युद्धकाळात रात्री वर आलेल्या पाणबुडीतून तर उजेडाची तिरीपही बाहेर पडू देत नसत. म्हणून दिवे लावायचे ठरले की कवच कापावे लागते, आणि कवच कापले की आत दाखवण्याजोगे काहीतरी असावे लागते. या कामातली बहुतेक मेहनत या एका अडचणीतून निघते.

आतले दिसावे म्हणून बाहेरचे काढून टाकण्याची युक्ती लढाऊ पाणबुड्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या नौदलासाठी होणाऱ्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींत खालच्या भागावर फळ्या ठोकतच नसत, त्यामुळे जहाजाच्या फासळ्या उघड्या दिसत. पाणबुडीच्या बाबतीत या युक्तीने एकदा चांगलीच खळबळ उडवली. १९६१ साली रेव्हेल या अमेरिकी कंपनीने पोलारिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ पाणबुडीचे आतल्या कक्षांसह किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच, बाजारात आणले. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल हायमन रिकोव्हर त्यावर भडकले. एवढा खर्च करून जपलेली माहिती शत्रूला तीन डॉलरच्या आत मिळते, अशी त्यांची तक्रार होती. खेळण्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र क्वचितच मिळाले असेल.

प्रमाण : ‘मोठी’ म्हणजे किती, हे प्रमाणावर ठरते. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन ‘सात-सी’ वर्गाची यू-बोट या छंदात सर्वांत जास्त बनवली जाणाऱ्या पाणबुड्यांपैकी आहे. तिची खरी लांबी ६७.१ मीटर. १:३५० प्रमाणात ती जेमतेम १९ सेंटिमीटरची होते. तिच्यात दिवा लावण्यात अर्थ नाही. १:७२ ला ती ९३ सेंटिमीटर भरते आणि १:४८ ला जवळजवळ १ मीटर ४० सेंटिमीटर. अमेरिकेची ‘गाटो’ वर्गाची पाणबुडी मुळातच ९५ मीटरची, त्यामुळे १:७२ लाच १ मीटर ३२ सेंटिमीटर जागा मागते. या दोन्ही वर्गांची १:७२ प्रमाणातली किटे रेव्हेलने काढली आहेत. ट्रम्पेटर या कंपनीचे १:४८ चे यू-५५२ (सात-सी वर्गातलीच एक यू-बोट) हे किट आतल्या कक्षांसह येते आणि त्यात कवचाचा एक अर्धा भाग पारदर्शक असतो.

१:७२ आणि १:४८ यांतला फरक कागदावर दीडपटीचा, पण घनफळाने तो साडेतीनपटीच्या जवळ जातो. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १:७२ मध्ये २४ मिलिमीटरचा होतो, १:४८ मध्ये ३६ मिलिमीटरचा. पहिल्याला चेहरा असतो, दुसऱ्याला चेहऱ्यावरचा भाव देता येतो. आतले दाखवायचे असेल तर १:४८ च घ्यावे. १:७२ मध्ये ते जमते, पण चिमटा आणि भिंग यांच्याशी जन्माचे नाते जोडण्याची तयारी हवी.

प्रमाणाची एक खोच सुरुवातीलाच समजून घ्यावी लागते. या यू-बोटीच्या दाब सोसणाऱ्या कवचाचा पत्रा १८.५ मिलिमीटर जाड होता. १:४८ मध्ये तो ०.४ मिलिमीटरहूनही पातळ यायला हवा. किटचे प्लास्टिक मात्र साधारण दोन मिलिमीटर असते, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ १० सेंटिमीटरची भिंत. कापलेली कड तशीच ठेवली तर पाणबुडी नव्हे, किल्ला वाटतो. म्हणून कड आतून तिरकी घासून पातळ करतात. तिला लाल रंग देण्याची प्रथाही आहे : हे कापलेले आहे, फुटलेले नाही, हे बघणाऱ्याला त्यावरून कळते.

काय दाखवायचे : सात-सी यू-बोटीचा आतला भाग पुढून मागे एका बोळासारखा आहे. सर्वांत पुढे टॉर्पेडो कक्ष, चार नळ्या आणि दोन्ही बाजूंना खलाशांचे बंक. त्यामागे अधिकाऱ्यांची जागा. कप्तानाची खोली म्हणजे डाव्या अंगाला हिरव्या पडद्याआडचा एक बंक, आणि समोर उजव्या अंगाला बिनतारी संदेश व पाण्यातले आवाज ऐकण्याच्या खोल्या. मध्ये नियंत्रण कक्ष, त्यावर मनोरा. मग आणखी बंक आणि स्वयंपाकाची चिमुकली जागा, मग दोन डिझेल इंजिने, आणि शेवटी विद्युत मोटारी व मागची एकुलती टॉर्पेडो नळी. एवढ्यात पन्नासेक माणसे आठवडेच्या आठवडे राहत.

कोणती बाजू कापायची, हा प्रश्न इथेच सुटतो. उजवी बाजू काढली तर संदेश-खोल्या अगदी पुढ्यात येतात आणि त्यांच्या पलीकडे कप्तानाचा पडदा दिसतो. डावी काढली तर उलट. एकदा कापल्यावर हा निर्णय बदलता येत नाही, म्हणून जाणकार आधी पुठ्ठ्याचे दोन कक्ष करून, आत टॉर्च धरून बघतात.

तपशिलात वेळही दाखवता येते, आणि माझ्या मते हाच या कामाचा खरा आनंद आहे. मोहिमेवर निघताना या पाणबुड्या अन्नाने गच्च भरलेल्या असत. पाव, सॉसेज, मांसाचे तुकडे मिळेल त्या खुंटीला लटकत, आणि दोनपैकी एक शौचालय कोठार म्हणून वापरात असे. टॉर्पेडो तर नळ्यांतल्या पाचांखेरीज आणखीही असत, ते पुढच्या कक्षात जमिनीच्या फळ्यांखाली आणि वरही ठेवलेले. १:४८ मध्ये एक टॉर्पेडो ११ मिलिमीटर जाड आणि १५ सेंटिमीटर लांब होतो. असे दोन-तीन पसरले की बंक उघडायलाही जागा उरत नाही. मोहिमेच्या शेवटी हेच कक्ष रिकामे, मळके आणि गंजाचे ओघळ आलेले. निघतानाची पाणबुडी की परततानाची, हे ठरवल्याशिवाय रंगाची बाटली उघडू नये. पुढच्या कक्षात लटकणारे ताजे पाव आणि मागे कप्तानाची महिनाभराची दाढी, असा घोटाळा पुष्कळ सुंदर मॉडेलांत दिसतो.

संदर्भासाठी खऱ्या पाणबुड्या शिल्लक आहेत. याच जातीची यू-९९५ जर्मनीत लाबो इथे १९७२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. थोड्या वेगळ्या ‘नऊ-सी’ वर्गाची यू-५०५ अमेरिकनांनी ४ जून १९४४ रोजी समुद्रात जिवंत पकडली. ती १९५४ पासून शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आहे. त्यांचे फोटो यंत्रांसाठी सोन्यासारखे, पण उजेडासाठी फसवे. तिथले दिवे आजचे आहेत, प्रेक्षकांना ठेच लागू नये म्हणून लावलेले, आणि ये-जा करण्याची मोठी दारे युद्धकाळात नव्हती.

प्रकाश : नवशिक्याच्या हातून पहिल्यांदा होते ते असे. कक्ष रंगवून झाले, दिवे बसले, खोलीत अंधार करून बटण दाबले, आणि पाणबुडीचा आकाशकंदील झाला. पॉलिस्टिरीन हे प्लास्टिक दिसते अपारदर्शक, पण उजेड त्यातून आरपार झिरपतो. भिंती, जोडाच्या रेघा, पाणी आत-बाहेर जाण्याची कवचावरची भोके, सगळेच चमकू लागते. उपाय साधा आहे, पण तो रंगकामाच्या आधी करायचा असतो. कक्षाच्या बाहेरच्या बाजूला काळ्या रंगाचे दोन हात, त्यावर चंदेरी, आणि आतून पांढरा किंवा हस्तिदंती. काळा उजेड अडवतो. आतला फिकट रंग तो परत फेकतो, त्यामुळे कमी दिव्यांत भागते. भोकांची बाब तर तत्त्वाची आहे. बाहेरचे आवरण आणि दाबकवच यांच्यामधल्या पोकळीत समुद्राचे पाणी खेळते. तिथे माणूस नाही, दिवाही नाही. त्या भोकांतून उजेड दिसला तर ती पाणबुडी बुडालेली आहे, असे खुशाल समजावे.

दिवे कुठे लावायचे, याचेही उत्तर खऱ्या पाणबुडीत शोधावे. जाळीच्या पिंजऱ्यातला गोल दिवा १:४८ मध्ये दोन-अडीच मिलिमीटरचा येतो. ‘०८०५’ मापाचा एलईडी २ मिलिमीटर लांब असतो, ‘०४०२’ मापाचा फक्त १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. म्हणजे खऱ्या दिव्याच्या जागीच खोटा दिवा बसू शकतो आणि छताला लपवलेली पट्टी चिकटवण्याची गरज उरत नाही. पट्टीने सगळा कक्ष सपाट उजळतो, सावल्या मरतात, आणि दुकानातल्या काचेच्या कपाटासारखा भास होतो. त्या काळचे दिवे तारेचे, पिवळसर होते, म्हणून २७०० ते ३००० केल्विनचा उबदार पांढरा एलईडी घ्यावा. निळसर पांढरा उजेड युद्धोत्तर, ट्यूबलाइट असलेल्या पाणबुड्यांना शोभतो.

०४०२ ला तार जोडणे म्हणजे साखरेच्या दाण्याला दोन केस चिकटवणे. दुहेरी चिकटपट्टीवर एलईडी पाठीवर झोपवायचा, दोन्ही टोकांना फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात त्याचा) ठिपका, सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा मोहरीहून लहान थेंब, आणि ०.१ मिलिमीटरची एनॅमलची तांब्याची तार आधीच कल्हई करून तयार. लावायला अर्धा सेकंद. त्याहून जास्त वेळ टेकवले तर एलईडी जळतो किंवा थेंबाला चिकटून गायब होतो. खाली पांढरी ट्रे ठेवावी. जमिनीवर पडलेला ०४०२ सापडल्याचे उदाहरण दुर्मिळ आहे.

विजेचे गणित मात्र शाळेतलेच आहे. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट खर्च होतात, लालवर २. पुरवठा ५ व्होल्टचा असेल तर पांढऱ्यासाठी उरलेले २ व्होल्ट रेझिस्टरने अडवायचे. १००० ओहमचा लावला तर २ मिलिॲम्पिअर वाहतात. एवढा प्रवाह पुरतो. एलईडीच्या माहितीपत्रकातला २० मिलिॲम्पिअरचा आकडा पाहून तेवढाच द्यायचा मोह टाळावा. असे चाळीस दिवे मिळून ८० मिलिॲम्पिअर होतात आणि बंद कवचात उष्णतेचा प्रश्न येत नाही. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रेझिस्टर द्यावा. एकाच रेझिस्टरवर पांढरा आणि लाल शेजारी-शेजारी जोडले, तर कमी व्होल्टवर भागणारा लाल सगळा प्रवाह ओढतो आणि पांढरा पेटतच नाही. माणूस रात्रभर तुटलेली तार शोधत बसतो.

लाल उजेडाची सर्वांनाच ओढ असते. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. अंधारात पाहणाऱ्या पेशींना गडद लाल रंग जवळपास जाणवत नाही, म्हणून रात्री पहाऱ्यावर जाणाऱ्यांचे डोळे लाल उजेडात तयार राहतात. तेव्हा लाल दिवा नियंत्रण कक्षापुरता आणि त्याच्या जवळपास ठीक. इंजिन कक्षापासून टॉर्पेडो कक्षापर्यंत सगळे लाल करणे हा सिनेमाचा संस्कार. शिवाय त्यात एक तोटा आहे. लाल उजेडात लाल आणि पांढरा सारखेच दिसतात, त्यामुळे चार रात्री जागून रंगवलेली झडपांची लाल चक्रे बटण दाबताच भिंतीत विरून जातात. दोन वेगळी सर्किटे ठेवून एका वेळी एकच लावणे बरे.

मंद करण्यासाठी दिवा वेगाने चालू-बंद करणारे स्वस्त डिमर मिळतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण मोबाईलच्या व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. गेजच्या तबकड्या उजळायच्या असतील तर पाव मिलिमीटरचा प्लास्टिकचा प्रकाशतंतू मागून घालतात.

पारदर्शक भाग आणि झटपट चिकटणारा गोंद यांचे हाडवैर आहे. सायनोॲक्रिलेटची वाफ काचेसारख्या प्लास्टिकवर पांढरी बुरशी उठवते आणि प्रकाशतंतूला ठिसूळ करते. अशा जोडांना पांढरा गोंद किंवा एपॉक्सी वापरतात. पारदर्शक अर्धा भाग नेहमीच्या प्लास्टिकपेक्षा ठिसूळही असतो. किटच्या चौकटीला तो जिथे जोडलेला असतो तिथून मोडून काढू नये, बारीक करवतीने कापावा. आतल्या बाजूचा बोटांचा ठसा बंद करण्याआधी पुसायचा राहिला, तर तो मॉडेलच्या आयुष्यभर सोबत करतो, आणि दिवा लागला की सर्वांत आधी तोच दिसतो.

दीड मीटरच्या आसपासचे कवच दोन टोकांवर टेकवले तर काही महिन्यांत मधे वाकते. आधाराचे खांब टोकांपासून साधारण लांबीच्या पाचव्या हिश्श्यावर घ्यावेत आणि आत पितळी पट्टी घालावी. खांब पोकळ पितळी नळीचे असले की त्यातूनच वीज येते. बॅटरी पोटात सीलबंद करण्याची चूक अनुभवी लोकही करतात.

पाण्यात चालणाऱ्या रेडिओ-नियंत्रित पाणबुड्या हा वेगळा प्रांत आहे. त्यांत सगळी जागा जलरोधक नळकांडे आणि बॅलास्ट (बुडण्या-तरंगण्यासाठी पाणी भरायची टाकी) यांना जाते, कक्ष दाखवायला उरत नाही. हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्‌झ रिमोटच्या लहरी पाण्यात शिरताच विझतात, म्हणून ते लोक आजही मेगाहर्ट्‌झमधले जुने रिमोट जपून ठेवतात.

बंद करण्याआधी सगळे दिवे एक अखंड दिवस लावून ठेवावेत. एलईडी सहसा दगा देत नाही. दगा देतो तो सोल्डरचा कच्चा जोड, तापून-निवून सैल होणारा. म्हणून प्रत्येक आडभिंतीपाशी छोटे कनेक्टर ठेवतात आणि वरचा डेक चिकटवण्याऐवजी चुंबकांवर बसवतात. मागच्या मोटार कक्षातला एखादा दिवा दोन वर्षांनी विझला, तर डेक उचलायचा, एक कक्ष ड्रॉवरसारखा बाहेर ओढायचा, आणि तेवढाच बदलायचा.