वखारींच्या वह्यांतून उभे राहिलेले शास्त्र

एखाद्या प्राण्याची संख्या वर्षभरात निम्म्यावर आल्याची बातमी येते, तेव्हा ही घट नेहमीच्या चढउतारातली आहे की खरा ऱ्हास सुरू झाला आहे, हा प्रश्न परिस्थितिकीच्या, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याच्या शास्त्राच्या, अभ्यासकाला सर्वांत आधी पडतो. दोन-चार वर्षांच्या मोजणीवरून त्याचे उत्तर देता येत नाही. काही प्राण्यांची संख्या ठरावीक वर्षांनी वाढत जाते, कळसाला पोचते आणि मग कोसळते, हे आज सर्वमान्य आहे. परंतु ते सिद्ध होण्यास आणि त्यामागची कारणे उलगडण्यास जवळजवळ सारे विसावे शतक खर्ची पडले.

या शोधाची सुरुवात बरीचशी चार्ल्स एल्टन या तरुण इंग्रज प्राणिशास्त्रज्ञापासून होते. ऑक्सफर्डमध्ये शिकत असतानाच, १९२१ साली, ते आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन बेटाच्या मोहिमेवर गेले होते. १९२३ च्या मोहिमेवरून परतताना नॉर्वेतील ट्रोम्सो या बंदरात त्यांनी रॉबर्ट कोलेट यांचा नॉर्वेच्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ विकत घेतला. ग्रंथ नॉर्वेजियन भाषेत होता. पण त्यात लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याचे लोंढे कोणत्या वर्षी डोंगरांवरून खाली उतरले, याच्या नोंदी होत्या. हे लोंढे इतके अचानक येत, की सोळाव्या शतकातील लेखकांनी लेमिंग आकाशातून पडतात असे लिहून ठेवले होते. ती वर्षे एकापुढे एक मांडल्यावर एल्टन यांच्या लक्षात आले, की लोंढे साधारण तीन-चार वर्षांच्या अंतराने येतात.

याच सुमारास कॅनडातील केसाळ कातड्यांच्या व्यापाराचे आकडे त्यांच्या हाती आले. हडसन्स बे कंपनी १६७० सालापासून उत्तर अमेरिकेत हा व्यापार करीत होती. सापळे लावणारे शिकारी हिवाळ्यात मिळवलेली कातडी कंपनीच्या वखारीत आणून देत, तेथील कारकून ती मोजून वहीत लिहीत आणि नंतर माल लंडनच्या लिलावाला जाई. हिशेबापुरत्या ठेवलेल्या या वह्यांमध्ये लिंक्स या आखूड शेपटीच्या रानमांजराची आणि त्याच्या मुख्य भक्ष्याची, म्हणजे हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या सशाची, पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद आपोआप साठत गेली. एल्टन १९२५ पासून कंपनीचे सल्लागार झाले आणि या नोंदींवर त्यांनी अनेक वर्षे काम केले.

१९२७ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी प्राणी परिस्थितिकीवरचे आपले छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. अन्नसाखळी, संख्येचा मनोरा (तळाशी असंख्य भक्ष्य, वर मोजके भक्षक) आणि निसर्गातील प्रत्येक प्राण्याची विशिष्ट भूमिका या कल्पना त्या पुस्तकामुळे रूढ झाल्या. १९३२ साली ऑक्सफर्डमध्ये प्राणिसंख्येच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले आणि ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीने या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. त्याचे पहिले संपादकही एल्टनच होते.

दरम्यान हाच प्रश्न गणिताच्या वाटेनेही पुढे आला होता. एड्रिअ‍ॅटिक समुद्राकाठच्या बाजारांतील मासळीची आकडेवारी तपासताना उंबेर्तो द'आंकोना या इटालियन प्राणिशास्त्रज्ञांना दिसले, की पहिल्या महायुद्धात मासेमारी मंदावली त्या वर्षांत शार्कसारख्या भक्षक माशांचे प्रमाण बरेच वाढले होते. फियुमे बंदरात १९१४ साली ते ११.९ टक्के होते, तर १९१८ साली ३६.४ टक्के झाले. मासेमारी थांबल्याचा लाभ भक्ष्य माशांऐवजी भक्षकांना का व्हावा, हा प्रश्न त्यांनी आपले सासरे, गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला. १९२६ साली व्होल्तेरा यांनी त्यासाठी मांडलेली समीकरणे अमेरिकेतील आल्फ्रेड लोटका यांनी स्वतंत्रपणे आधीच मांडलेली होती. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतो, भक्षक वाढला की भक्ष्य घटते, आणि मग उपासमारीने भक्षकही घटून चक्र पुन्हा सुरू होते, असे ती सांगत. पाठ्यपुस्तकांतून लिंक्स व ससा यांचा आलेख या समीकरणांच्या शेजारी छापला जाऊ लागला आणि प्रश्न सुटला असा समज पसरला.

हा समज घाईचा होता. १९४२ साली एल्टन आणि मेरी निकल्सन यांनी लिंक्सच्या नोंदी तपशिलाने प्रसिद्ध केल्या. त्यातील मॅकेंझी नदीच्या खोऱ्याची १८२१ ते १९३४ ही मालिका आजही संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते. तिच्यात सर्वांत कमी कातड्यांच्या वर्षाचा आकडा ३९ आहे आणि सर्वांत जास्त कातड्यांच्या वर्षाचा ६,९९१. चक्र सरासरी ९.६ वर्षांचे भरले. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असल्यामुळे, त्या डागांशी नाते जोडणारी, एल्टन यांनी स्वतःच पूर्वी मांडलेली कल्पना मागे पडली. आपल्याच मताविरुद्धचा पुरावा इतक्या कष्टाने गोळा करून तो जाहीर मांडणे मला त्या आकड्यांइतकेच मोलाचे वाटते.

तरीही वहीतल्या आकड्यांची मर्यादा उरतेच. कातडे ज्या वर्षी विकले गेले त्याच वर्षी जनावर मारले गेले असे नसते. शिवाय भाव वाढला की सापळेही वाढतात. आलेखातील ससे आणि लिंक्स पुष्कळदा वेगवेगळ्या प्रदेशांतले होते. १९७३ साली मायकेल गिल्पिन यांनी दाखवले, की या आकड्यांच्या काही भागांत लिंक्सची संख्या सशांच्या आधी वाढलेली दिसते, जणू ससेच लिंक्सना खात असावेत. कारण शोधायचे तर आता रानातच जाणे भाग होते.

ते काम कॅनडातील युकॉन प्रदेशात, क्लुएनी सरोवराच्या परिसरात झाले. चार्ल्स क्रेब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्प्रूसच्या जंगलात एकेक चौरस किलोमीटरचे तुकडे आखले. काही तुकड्यांभोवती विजेचे कुंपण घातले. त्याच्या जाळीतून ससा ये-जा करू शके, लिंक्स मात्र आत शिरू शकत नसे. काही तुकड्यांत सशांना वर्षभर जादा खाद्य दिले आणि एका तुकड्यात कुंपण व खाद्य दोन्ही ठेवले. चक्राचा चढ आणि उतार पुरता दिसावा म्हणून प्रयोग जवळजवळ दशकभर चालू राहिला. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: चक्राच्या शिखरकाळात आणि उतारात कुंपणाने सशांची घनता सुमारे दुप्पट झाली, खाद्याने तिप्पट आणि दोन्ही एकत्र असता अकरापट. दोन आणि तीन यांचा गुणाकार सहा होतो. अकरापट वाढ म्हणजे भूक आणि भक्षक एकमेकांचा परिणाम वाढवतात. उपाशी ससा अधिक वेळ उघड्यावर चरतो आणि पकडला जातो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. ससे मरत होते ते मुख्यतः भक्षकांच्या तोंडी.

एक कोडे मात्र राहिलेच होते. भक्षक कमी झाल्यावरही सशांची संख्या काही वर्षे तळाशीच का राहते? याचा एक धागा सशांच्या लेंड्यांत सापडला. भीतीने शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाचे अंश विष्ठेत उतरतात, त्यामुळे प्राण्याला हातही न लावता त्याच्यावरील ताण मोजता येतो. मायकेल शेरिफ, क्रेब्ज आणि रूडी बूनस्ट्रा यांनी गाभण माद्यांना एका शिकवलेल्या कुत्र्याच्या केवळ सान्निध्यात काही क्षण आणले. कुत्रा त्यांना शिवतही नसे. तरीही अशा माद्यांना पिल्ले कमी झाली आणि जी झाली ती आकाराने व वजनाने लहान होती. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. भक्षक भक्ष्याला न मारताही त्याच्या संख्येची वाढ रोखतो, ही कल्पना त्यानंतरच्या संशोधनात वारंवार भेटते.

अलीकडच्या बातम्यांचा रोख पुन्हा लेमिंगकडे, म्हणजे एल्टन यांच्या मूळ प्रश्नाकडे, वळला आहे. हिवाळ्यात जमिनीच्या उबेने बर्फाचा सर्वांत खालचा थर विरतो आणि भुईलगत एक पोकळी तयार होते. लेमिंग त्या अंधारात शेवाळ कुरतडत जगतो आणि तेथेच पिल्लेही घालतो. हिवाळ्यात मध्येच ऊब आली, तर वितळलेले पाणी पुन्हा गोठून त्या पोकळीत बर्फाची कठीण पापडी धरते आणि खाद्य तिच्याखाली अडकते. दक्षिण नॉर्वेच्या डोंगरांत १९९४ नंतर लेमिंगचे नेहमीचे लोंढे दिसेनासे झाले, तेव्हा संशोधकांनी त्याचा संबंध बर्फाच्या या बदलाशी जोडला. त्यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. ईशान्य ग्रीनलंडमध्येही सुमारे २००० सालानंतर हे चक्र मोडले. मुबलक लेमिंग असतील त्याच वर्षी घरटे करणारे हिमघुबड तेथे फारसे वीण घालेनासे झाले.